सायलेन्सरवरचं आडनाव : योशिमुरा कुटुंबाची सत्तर वर्षं

फटफटत गेलेल्या एखाद्या बाइकच्या सायलेन्सरवर ‘योशिमुरा’ हे नाव तुम्ही वाचलं असेल. आपल्याकडे या नावाचे नकली डबे सर्रास मिळतात. कर्णकर्कश सायलेन्सरचा ढीग रस्त्यावर मांडून पोलिस त्यावर रोडरोलर फिरवतात, ते फोटोही अधूनमधून पेपरात येतात. त्यामुळे योशिमुरा म्हणजे आवाज करणारं काहीतरी, एवढीच बऱ्याच जणांची ओळख. खरं तर हे जपानमधल्या एका कुटुंबाचं आडनाव आहे. १९५४ साली फुकुओकात एका माणसानं गॅरेज काढलं. त्याचा मुलगा, मुलगी, जावई आणि आता नातवंडं, अशा तीन पिढ्या मोटरसायकल रेसिंगमध्ये मुरल्या आहेत. समोर असतात होंडा, यामाहा, कावासाकी यांच्या कंपनीच्या टीम, म्हणजे ज्यांनी गाडी बनवली तेच लोक.

घरगुती टीम त्यांच्यापुढे टिकते कशी, हे कळायला थोडं इंजिन समजून घ्यावं लागतं आणि थोडा धंदा.

हिदेओ योशिमुरा यांचा जन्म १९२२ सालचा. पोरवयातच ते जपानी नौदलाच्या वैमानिक प्रशिक्षणात दाखल झाले. तिथे पॅराशूटच्या उडीत जबर दुखापत झाली आणि वैमानिक व्हायचं राहून गेलं. मग ते विमानातले इंजिनिअर झाले. उडत्या विमानात इंजिनांवर लक्ष ठेवायचं काम. इंजिनाचा आवाज ऐकून त्याचं दुखणं ओळखायची सवय तिथली. युद्ध संपलं, नौदल संपलं, आणि हातात उरली ती विद्या. १९५४ साली त्यांनी मोटरसायकलचं दुकान टाकलं. जवळच इताझुके हा अमेरिकी हवाई तळ होता. तिथले सैनिक आपल्या ट्रायम्फ, बीएसए घेऊन यायचे आणि म्हणायचे, हिला जरा पळव. सुटीच्या दिवशी धावपट्टीवर शर्यती लागायच्या, आणि योशिमुरांच्या हाताखालून गेलेली गाडी पुढे असायची. या पोरांनीच त्यांना ‘पॉप’ म्हणायला सुरुवात केली. पॉप म्हणजे बाबा. पुढे जगभर हेच नाव राहिलं.

गाडी ‘पळवायची’ म्हणजे नेमकं करायचं काय? इंजिनात हवा-पेट्रोल आत येतं, जळतं, आणि धूर बाहेर जातो. या ये-जा करणाऱ्या दारांना व्हॉल्व्ह म्हणतात आणि ती उघडतो कॅमशाफ्ट. हा एक फिरणारा दांडा, त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. उंचवटा वर आला की व्हॉल्व्ह उघडतो, सरकला की स्प्रिंग तो बंद करते. कारखान्यातून निघालेल्या गाडीचा कॅम सगळ्यांची मर्जी राखणारा असतो. सिग्नलला इंजिन शांत चालावं, पेट्रोल कमी लागावं, लाखभर किलोमीटर तक्रार येऊ नये, असा त्याचा हिशेब. शर्यतीत यातलं काहीच नको असतं. तिथे व्हॉल्व्ह जास्त उघडावा आणि जास्त वेळ उघडा राहावा, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात जास्त हवा आत जाईल. त्यासाठी उंचवट्याचा आकार बदलायचा.

पॉप हा आकार हातानं घडवायचे. घासायचं, मोजायचं, पुन्हा घासायचं. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शानंही गणित बदलतं. उंचवटा फार उभा झाला, तर व्हॉल्व्ह कॅमचा पाठलाग करू शकत नाही, हवेत तरंगतो, आणि वर येणारा पिस्टन त्याला जाऊन धडकतो. मग इंजिनाचा चुरा. उंचवटा फार सौम्य ठेवला, तर सगळी मेहनत फुकट. या दोन टोकांच्या मधली जागा आज संगणक शोधून देतो. पॉप ती कानानं आणि बोटांनी शोधायचे. अशा माणसाला रेसिंगच्या भाषेत ट्यूनर म्हणतात. तो गाडी बनवत नाही. दुसऱ्यानं बनवलेल्या गाडीत बनवणाऱ्यानं झाकून ठेवलेली ताकद तो बाहेर काढतो. आणि तिथेच त्याची अडचण सुरू होते, कारण गाडी ज्याची, त्याच्या मेहेरबानीवर ट्यूनरचं पोट.

१९६४ साली जपानमधल्या सुझुका ट्रॅकवर १८ तासांच्या शर्यतीत योशिमुरांनी तयार केलेली होंडा सीबी७७ पहिली आली आणि नाव जपानभर झालं. पुढच्या वर्षी बिऱ्हाड टोकियोच्या बाजूला, योकोता हवाई तळाजवळ हललं. काम बहुतेक होंडाचंच. पण होंडानं रेसिंगचे भाग बनवणारा स्वतःचा विभाग उभा केला, तसे योशिमुरांशी असलेले संबंध ताणले गेले. जो माल आपण बनवतो तोच मोठा शेठ बनवायला लागला की काय होतं, हे कुठल्याही छोट्या कारखानदाराला विचारा.

याच काळात त्यांच्या हातून ती वस्तू घडली, जिची नक्कल आपल्या गल्लीत फटफटते. होंडा सीबी७५० ही चार सिलिंडरची गाडी १९६९ साली आली. चार सिलिंडर, चार नळ्या आणि चार सायलेन्सर, दिसायला राजेशाही. शर्यतीत मात्र चार डबे म्हणजे नुसतं ओझं, आणि वळणावर गाडी झुकवली की ते जमिनीला घासणार. योशिमुरांनी चारही नळ्या इंजिनाखाली एकत्र आणून एकाच नळीत सोडल्या. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात ओंटारिओच्या ट्रॅकवर गॅरी फिशरच्या सीबी७५० वर ही रचना उतरली. मोटरसायकलवरचा हा पहिला ‘चारात एक’ एक्झॉस्ट मानला जातो. वजन घटलं हे तर दिसतच होतं. खरी गंमत होती ताकदीत.

ती कशी वाढते ते पाहू. स्टँडवरून सुटलेली एसटी कच्च्या रस्त्यावर मागे धुळीचा लोट ओढत नेते ना, तसा सिलिंडरमधून सुटलेला धुराचा गोळा नळीतून जाताना आपल्यामागे हवा ओढत जातो. मागे क्षणभर दाब कमी होतो. त्याच क्षणी सिलिंडरचं धुराचं दार पुरतं मिटलेलं नसतं आणि ताज्या मिश्रणाचं दार उघडायला लागलेलं असतं. वेळ बरोबर जुळली तर उरलासुरला धूर खेचला जातो आणि त्याच्या ओढीनं ताजं मिश्रण जास्त आत येतं. एकही पैशाचं पेट्रोल न जाळता मिळालेला पंप म्हणा.

आता चार नळ्या एकत्र आणल्या की ही ओढ एकमेकींना मिळते. सीबी७५० चे सिलिंडर १-२-४-३ या क्रमानं पेटतात, अगदी समान अंतरानं. इंजिन मिनिटाला ९,००० फेरे घेत असेल, तर चार सिलिंडर मिळून सेकंदाला ३०० वेळा धूर सोडतात. पहिल्याचा धूर सांध्यातून पुढे सटकताना तिथे जी ओढ तयार होते, ती दुसऱ्याला उपयोगी पडते, दुसऱ्याची चौथ्याला. अट एवढीच, की चारही नळ्या जवळपास सारख्या लांबीच्या हव्यात, म्हणून त्या तशा वाकड्यातिकड्या फिरवलेल्या दिसतात. लांबी बदलली की ओढ कोणत्या वेगाला मिळणार तेही बदलतं. लांब नळी कमी फेऱ्यांना साथ देते, आखूड नळी जास्त फेऱ्यांना. म्हणजे एक्झॉस्ट हा कॅमचा जोडीदार आहे. कॅम एका हिशेबाचा आणि नळी दुसऱ्याच हिशेबाची असेल, तर गाडी नुसती ओरडते. दोनशे सीसीच्या गाडीला कुठलाही डबा लावून ‘पिकअप वाढला’ म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

१९७२ च्या सुमारास कावासाकीची झी१ आली आणि योशिमुरांनी तीही हातात घेतली. मार्च १९७३ मध्ये अमेरिकेतल्या डेटोनाच्या ट्रॅकवर त्यांनी तयार केलेल्या झी१ वर इव्हॉन दुहामेलनं ताशी १६०.२८८ मैलांची, म्हणजे सुमारे २५८ किलोमीटरची फेरी मारून विक्रम केला. अमेरिकेत मागणी एवढी, की थोरला पसारा तिकडेच हलवायचं ठरलं. मुलगा फुजिओ ऐन विशीत तिकडे गेला. आणि मग भागीदारीनं घात केला. भागीदाराशी बिनसलं, स्वतःच्या नावाची कंपनी हातची गेली. पॉप आणि फुजिओ यांनी पुन्हा नव्यानं सुरुवात केली. १९७७ मध्ये तिथल्या कारखान्यात आग लागली आणि पॉप यांचे हात भाजले. हातांवर ज्याचं सगळं चालतं, त्याचेच हात.

या पडत्या काळात सुझुकी आली. तिची स्वतःची गरज होती. ही कंपनी तोवर टू-स्ट्रोक इंजिनांसाठी ओळखली जायची. १९७६ ची जीएस७५० ही तिची पहिली मोठी चार सिलिंडरची फोर-स्ट्रोक गाडी. होंडा-कावासाकीच्या बाजारात ती कोण घेणार? शर्यत जिंकली तर घेतील. सुझुकीचे अभियंते एत्सुओ योकोउची आणि पॉप यांचं जमलं. एकाकडे गाडी होती, दुसऱ्याकडे ती पळवायची विद्या. सप्टेंबर १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लगुना सेका ट्रॅकवर स्टीव्ह मॅकलॉफ्लिन या रायडरनं जीएस७५० वर पहिला विजय आणला. (हाच मॅकलॉफ्लिन नंतर वर्ल्ड सुपरबाइक, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या गाड्यांवरून घडवलेल्या रेसबाइकची जागतिक स्पर्धा, सुरू करण्यात पुढे होता.) मग १९७८ ते १९८१ सलग चार वर्षं डेटोनाची सुपरबाइक शर्यत योशिमुरा सुझुकीकडे राहिली.

आता १९७८ ची ३० जुलै. सुझुका आठ तासांची पहिली शर्यत. सुझुका हे मिए प्रांतातलं गाव आणि सुझुकी ही कंपनी. नावं जवळची असली तरी संबंध नाही. उलट सुझुकाचा ट्रॅक होंडानंच १९६२ साली बांधलेला. होंडाच्या आरसीबी या खास बांधलेल्या गाड्यांनी युरोपात आदली दोन वर्षं एन्ड्युरन्स शर्यतींत कुणाला उभं राहू दिलं नव्हतं. त्या अजिंक्य गाड्या घरच्या प्रेक्षकांना दाखवाव्यात, असाच सगळा थाट.

एन्ड्युरन्स म्हणजे दमाची शर्यत. सुझुकाला सकाळी साडेअकराला सुरुवात, संध्याकाळी साडेसातला शेवट, शेवटच्या फेऱ्या हेडलाइट लावून. एका गाडीवर आळीपाळीनं दोन किंवा तीन रायडर. जपानचा भर उन्हाळा, दमट हवा, अंगावर चामड्याचा सूट. पेट्रोल भरायला, टायर बदलायला पिटमध्ये यायचं आणि तिथे मेकॅनिकांचे हात किती वेगानं चालतात त्यावर मिनिटं वाचायची किंवा जायची. अशा शर्यतीत सर्वात वेगवान गाडी जिंकतेच असं नाही, आणि बेताच्या वेगाची भरवशाची गाडीही जिंकत नाही. दोन्ही लागतं. योशिमुरांची जीएस१००० मुळात अमेरिकेतल्या छोट्या शर्यतींसाठी घडवलेली, उंच हँडलची, शोरूममधल्या गाडीची बहीण. एवढा वेळ ती दम धरेल का, हाच प्रश्न होता.

वेस कूली आणि माइक बाल्डविन या दोन अमेरिकनांनी ती आठ तास पळवली. सहा किलोमीटरच्या ट्रॅकवर १९४ फेऱ्या, सरासरी ताशी १४५ किलोमीटरच्या आसपास. होंडाच्या अजिंक्य गाड्या शेवटापर्यंत टिकल्या नाहीत. होंडाच्या अंगणात, होंडानं बांधलेल्या रस्त्यावर, होंडापासून दुरावलेल्या माणसाची टीम पहिली आली. जपानमध्ये या शर्यतीला पुढे जे वलय मिळालं, त्याची सुरुवात या निकालापासून धरली जाते, आणि मला ते पटतं. कारखाना हरू शकतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून पुढच्या वर्षी लोक परत आले.

त्या निकालपत्रात आणखी एक ओळ आहे, ती मला जास्त आवडते. तिसऱ्या क्रमांकावर ग्रेम क्रॉस्बी आणि टोनी हॅटन, गाडी मोरिवाकी कावासाकी. मोरिवाकी म्हणजे पॉप यांचे जावई.

मामोरु मोरिवाकी हे मूळचे रायडर. योशिमुरांकडे कामाला आले, तिथेच शिकले आणि पॉप यांची मुलगी नामिको हिच्याशी लग्न झालं. १९७३ साली दोघांनी सुझुकातच मोरिवाकी इंजिनिअरिंग काढलं. सासऱ्यांचा जीव इंजिनात, जावयाचा ओढा हळूहळू फ्रेमकडे, म्हणजे गाडीच्या सांगाड्याकडे वळला. त्या काळच्या जपानी गाड्यांचं इंजिन दणकट आणि सांगाडा लवचीक. ताकद वाढवली की वळणावर गाडी डुलायला लागायची. मोरिवाकींनी ॲल्युमिनियमच्या फ्रेम घडवून त्यात कावासाकीचं इंजिन बसवलं. अशाच गाडीवर १९८१ मध्ये वेन गार्डनर या कोवळ्या ऑस्ट्रेलियन पोरानं सुझुका आठ तासांत सगळ्या कंपन्यांच्या टीमना मागे टाकून पोल पोझिशन, म्हणजे सरावातली सर्वात वेगवान वेळ काढली. तो पुढे १९८७ चा ५०० सीसी जगज्जेता झाला.

म्हणजे एकाच घरातल्या दोन टीम एकाच ट्रॅकवर एकमेकींविरुद्ध. माणसंही इकडून तिकडे जायची. जावयाच्या गाडीवर तिसरा आलेला क्रॉस्बी १९८० साली सासऱ्यांच्या गाडीवर कूलीबरोबर बसला आणि एडी लॉसन-ग्रेग हॅन्सफर्डच्या कावासाकीला मागे टाकून त्यांनी शर्यत जिंकली. पुढे मोरिवाकी होंडाकडे गेले, योशिमुरा सुझुकीबरोबर राहिले. २०१० साली मोटो२ ही नवी जागतिक स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिलंच विजेतेपद टोनी एलियासनं मोरिवाकी फ्रेमवर जिंकलं.

योशिमुरांना मात्र सुझुकानं १९८० नंतर फार रडवलं. १९८७ साली गॅरी गुडफेलो आणि ताकायोशी यांची गाडी आघाडीवर होती, आणि आठ तासांतली शेवटची काही मिनिटं उरलेली असताना ताकायोशी पडला. केव्हिन मॅगी आणि मार्टिन विमर यांची यामाहा जिंकली, योशिमुरा दुसरे. हा प्रसंग जपानी रेसिंगप्रेमी अजून हळहळून सांगतात. पॉप १९९५ साली गेले. सुझुकाचा तिसरा विजय त्यांनी पाहिला नाही.

तोवर सूत्रं फुजिओ यांच्याकडे आली होती आणि इथे धंद्याचा भाग येतो. कंपनीची टीम चालते ती कंपनीच्या पैशावर. वरच्या मजल्यावर कुणी ‘बास’ म्हटलं की दुसऱ्या दिवशी टीम बंद. योशिमुरांचं तसं नाही. ते कॅम, पिस्टन आणि मुख्यतः एक्झॉस्ट विकतात. शर्यतीत सिद्ध झालेला सायलेन्सर दुकानात येतो, त्या पैशातून पुढची शर्यत निघते, आणि ती शर्यत पुन्हा सायलेन्सरची जाहिरात करते. अमेरिकेतली योशिमुरा कंपनी सुझुकीची तिथली रेसिंग टीमही चालवायची. पुढे ५०० सीसीचा जगज्जेता झालेला केव्हिन श्वांट्झ आधी तिथेच घडला. १९९९ ते २००९ या अकरा वर्षांत अमेरिकी सुपरबाइकचं विजेतेपद दहा वेळा त्यांच्याकडे आलं. मॅट म्लाडिन सात वेळा, बेन स्पाइस तीन वेळा. मधलं २००२ तेवढं निकी हेडनच्या होंडानं नेलं.

सुझुकाला २००७ साली युकिओ कागायामा आणि कोसुके आकियोशी यांनी २७ वर्षांचा उपास सोडला. २००९ मध्ये दाइसाकु साकाई, काझुकी तोकुदोमे आणि नोबुआत्सु आओकी यांनी चौथा विजय आणला.

२०२१ पासून टीमचं रूप बदललं. फ्रान्समध्ये ल मॉंला सुझुकीची सर्ट नावाची मुरलेली एन्ड्युरन्स टीम होती, जागतिक विजेतेपदं डझनाहून अधिक. ती आणि योशिमुरा एक झाल्या. फ्रेंचांना चोवीस तासांच्या शर्यतींचा सराव, योशिमुरांना इंजिनाचा. पहिल्याच वर्षी जागतिक एन्ड्युरन्स विजेतेपद मिळालं, आणि नशिबाचा खेळ असा, की त्या वर्षी करोनामुळे सुझुकाची शर्यतच झाली नाही. टीमचे संचालक योहेई काटो हे पॉप यांचे नातू. दुसऱ्या फांदीवर, मामोरु आणि नामिको यांची मुलगी मिदोरी मोरिवाकी हिनं वर्ल्ड सुपरबाइकमध्ये होंडाच्या गाड्या घेऊन स्वतःची टीम उतरवली. सासरा-जावयाची जुनी वाटणी, सुझुकी इकडे आणि होंडा तिकडे, नातवंडांतही तशीच राहिली.

२०२२ मध्ये सुझुकीनं जाहीर केलं, की वर्षअखेर मोटोजीपी आणि एन्ड्युरन्स दोन्हीतली कंपनीची रेसिंग बंद. मोटोजीपीची टीम त्या हिवाळ्यात मोडली. एन्ड्युरन्सची मोडली नाही. जीएसएक्स-आर१००० हीच गाडी घेऊन योशिमुरा सर्ट पुढच्या मोसमाला उभी राहिली आणि २०२४ मध्ये ग्रेग ब्लॅक, डॅन लिनफूट आणि एतियेन मासों यांच्यासह जागतिक विजेतेपद पुन्हा जिंकलं. सुझुकाचा पाचवा विजय मात्र २०२५ ची शर्यत होऊन गेली तरी बाकीच होता. तिथे अलीकडे होंडा कुणाला पुढे जाऊ देत नाही.